आजीच्या डोळ्याची बाटली नातवाच्या डोळ्यात नको

होळी पेटून गेली की आमच्या लासुर्ण्यात औषधाच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते. "दादा, ते पांढरं ड्रॉप द्या की. मागं आईच्या ऑपरेशनला दिलं होतं बघा, हलवून टाकायचं." मी विचारतो, "का, आईच्या डोळ्याला परत काय झालं?" तर आई ठणठणीत असते, रानात मेथी खुडत असते. ड्रॉप हवं असतं तिच्या नातवाला. पोरगं आठवडाभर डोळे चोळतंय, डोळे लालबुंद झालेत, परीक्षा तोंडावर आलीय. देवळीत आजीची उरलेली बाटली होती, दोन दिवस टाकली, पोराला लगेच बरं वाटलं. आता ती संपली म्हणून नवी पाहिजे.

त्या "लगेच बरं वाटलं"साठीच मी आज लिहायला बसलोय.

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. डोळा तपासणं माझं काम नव्हे. पण कुठली बाटली कुणाच्या घरी कितीदा गेली, हे गावात मेडिकलवाल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि कबूल करायचं तर धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा बाटल्या चिठ्ठीशिवाय दिल्या आहेत. माणूस ओळखीचा, भर उन्हात वस्तीवरून सायकल मारत आलेला, त्याला नाही कसं म्हणायचं? त्यातल्या एका मुलाची गोष्ट पुढे सांगतो. आधी बाटल्यांचं समजून घेऊ.

डोळ्याला खाज सुटते ती बहुतेकदा ॲलर्जीची. आपल्याकडे कारणांना तोटा नाही. कालव्याच्या भरावावर आणि बांधाबांधाला गाजर गवत आहे, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो. हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं तेच आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमाराला. म्हणजे या पाहुण्याचा पहिला मुक्काम आपल्याच जिल्ह्यात पडला म्हणायचा. त्यात हंगामात पेटवलेल्या पाचटाचा धूर, रस्त्याची धूळ, उन्हाळ्याचा कोरडा वारा. असला एखादा परागकण डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्यावर बसला की तिथल्या मास्ट नावाच्या पेशी फुटतात आणि त्यातून हिस्टामिन सांडतं. हिस्टामिन सांडलं की खाज, पाणी, लाली. चोळलं की आणखी पेशी फुटतात, आणखी सांडतं. चोळण्यानं खाज वाढते ती अशी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा लाल होतो त्याचं कारण वेगळं. डॉक्टरांनी छेद घेतला, ढगाळलेलं भिंग काढलं, नवं बसवलं. अंगाला काय कळतंय की हे भल्यासाठी केलंय? त्याच्या लेखी ती जखमच. मग जखमेवर येते तशी सूज डोळ्याच्या आत येते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, दुखतं, उजेड सहन होत नाही. क्वचित पडद्याच्या मधोमध पाणी धरतं आणि ऑपरेशन चांगलं होऊनही नजर अंधुक राहते. मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त.

वरून दोन्ही डोळे सारखेच लाल दिसतात. आत चाललेलं काम निराळं.

आता औषधं. आपण कालव्याकाठची माणसं, तेव्हा कालव्यानंच सांगतो. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी फाट्यात येतं, फाट्यातून चारीत, चारीतून आपल्या रानात. डोळ्याची सूज अशीच एका मोठ्या प्रवाहातून फुटत फुटत येते, असं समजा. ऑलोपॅटाडीन, किटोटिफेन, बेपोटास्टीन ही ॲलर्जीची औषधं एकाच चारीचं दार लावतात, हिस्टामिनच्या. शिवाय त्या मास्ट पेशींना लवकर फुटू देत नाहीत. खाजेला ही सगळ्यात सरळ औषधं. ऑलोपॅटाडीन ०.१ टक्का असेल तर साधारण दिवसातून दोनदा, ०.२ टक्का असेल तर एकदा. सोडियम क्रोमोग्लायकेट हे जुनं औषध फक्त पेशी फुटू न देण्याचं काम करतं. त्याचा गुण यायला दिवस लागतात आणि लोक दोन दिवसांत "हे काय कामाचं नाही" म्हणून बाटली फेकून देतात.

दुसरी चारी प्रोस्टाग्लँडिनची. तिचं दार लावणारी औषधं म्हणजे केटोरोलॅक, नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, डायक्लोफेनॅक. अंगदुखीला आपण गोळ्या घेतो त्याच जातीची ही वेदनाशामकं, थेंबाच्या रूपात. ऑपरेशननंतर यांचा मोठा उपयोग होतो.

तिसरी जात स्टेरॉइडची: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डायफ्लुप्रेडनेट, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. हे औषध चारीच्या नादी लागत नाही, थेट वरचं मुख्य दार पाडतं. खाज, लाली, दुखणं, सूज सगळं एकदम आटतं. म्हणून तर लगेच बरं वाटतं. पण वरचं दार पाडलं की ज्याला पाण्याची खरी गरज होती त्याचंही रान वाळतं. जंतूंशी लढायला अंग जी फौज पाठवतं ती याच पाण्यावर पोसलेली असते.

इथवर सोपं आहे. गोंधळ पुढे आहे, आणि शिकलेली माणसंही त्यात फसतात. कारण काही औषधं दोन्हीकडे चालतात. केटोरोलॅकचंच घ्या. अमेरिकेत १९९२ साली त्याच्या ०.५ टक्क्याच्या थेंबांना मान्यता मिळाली ती हंगामी ॲलर्जीच्या खाजेसाठी. नंतर तेच थेंब मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या सुजेलाही मान्य झाले. म्हणजे कागदावर आजीची ही बाटली नातवालाही चालायला हवी. पण ते थेंब टाकल्यावर चुरचुरतात. कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की शंभरातल्या चाळीसजणांपर्यंत ही तक्रार येते. आणि खाजेवर ऑलोपॅटाडीनशी तुलना केली तेव्हा ते मागे पडलं. आधीच डोळे चोळणाऱ्या पोराच्या डोळ्यात चुरचुरणारं औषध घालून काय साधणार? ज्यांना ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दमा उसळतो, त्यांनी तर या जातीचे थेंब डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊच नयेत. शिवाय बुब्बुळ आधीच कमजोर असेल, तर हे थेंब फार दिवस टाकल्यानं त्यावर जखम होऊन ते विरघळल्यासारखं पातळ होऊ शकतं. १९९९ मध्ये अमेरिकेत डायक्लोफेनॅकच्या एका थेंबाबाबत अशा तक्रारी आल्या आणि तो बाजारातून काढून घ्यावा लागला.

लोटेप्रेडनॉलची गंमत आणखी वेगळी. हे स्टेरॉइडच, पण मुद्दाम असं घडवलेलं की काम झाल्यावर डोळ्यातलीच रसायनं त्याला निकामी करून टाकतात. १९९८ साली अमेरिकेत त्याच्या दोन बाटल्या मान्य झाल्या. ०.२ टक्क्याची हंगामी ॲलर्जीसाठी, ०.५ टक्क्याची ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी. औषध एकच, काम दोन, आणि दोन्हीत फरक फक्त त्या बारीक आकड्याचा. आपण दुकानात काय मागतो? "ते निळ्या खोक्यातलं." म्हणून सांगतो, खोक्याचा रंग आणि मोठ्या अक्षरातलं नाव बाजूला ठेवा. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं आणि त्यापुढे टक्का असतो. चष्मा लावून ती ओळ वाचा. वाचता येत नसेल तर मला वाचायला लावा, त्याचे पैसे पडत नाहीत.

सौम्य म्हणवणाऱ्या स्टेरॉइडचंही ऐका. २८ दिवस किंवा त्याहून जास्त थेंब टाकलेल्यांची नोंद औषधाच्या माहितीपत्रकात आहे. डोळ्याचा दाब १० अंकांनी किंवा त्याहून जास्त चढला, अशी माणसं लोटेप्रेडनॉल घेणाऱ्यांत शंभरात २ होती. प्रेडनिसोलोनच्या १ टक्क्याच्या थेंबांवर शंभरात ७. औषध नसलेले नुसते थेंब टाकणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात अर्धंच. डोळ्याचा दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ असतो, हे ध्यानात घेतलं की १० ची वाढ केवढी ते कळेल. प्रेडनिसोलोनपेक्षा लोटेप्रेडनॉल बरं, यात वाद नाही. पण त्याला बिनधोक म्हणता येणार नाही.

दाब चढतो तेव्हा काहीच होत नाही, हीच त्यातली अडचण आहे. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. उलट स्टेरॉइडमुळे डोळा पांढराशुभ्र, शांत दिसतो. आणि आत नजरेची नस हळूहळू वाळत जाते. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटी. याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. माणसामाणसात फरक असतो. स्टेरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे टाकले तर साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या माणसांचा दाब थोडाफार चढतो आणि शंभरातल्या पाचेक जणांचा फार चढतो. त्या पाचांत आपण आहोत की नाही, हे दाब मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही. मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायचं.

आता त्या मुलाचं. सातवीत होता. मुलग्यांना लहानपणी होणारी एक हट्टी ॲलर्जी असते, उष्ण आणि कोरड्या मुलखात जास्त. पापणीच्या आत दगडगोट्यांसारखे उंचवटे येतात, दोऱ्यासारखा चिकट पांढरा स्राव येतो, उजेडात डोळा उघडत नाही. आपल्याकडे त्याला सरसकट "खुपऱ्या" म्हणून टाकतात. बहुतेकांची वयात आल्यावर आपोआप ओसरते, पण तोवरची वर्षं काढायची असतात. या मुलाला एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब दिले होते, आठवड्यापुरते, आणि परत दाखवायला सांगितलं होतं. दाखवायला कोण जातंय? आई त्या चिठ्ठीचा मळका तुकडा घेऊन यायची आणि मी बाटली द्यायचो. दोन उन्हाळे. तिसऱ्या वर्षी शाळेत फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्म्याच्या नंबरासाठी नेला, तेव्हा एका डोळ्याचा दाब चढलेला निघाला आणि भिंगाच्या मागच्या भागात मोतीबिंदूची सुरुवात. स्टेरॉइडनं मोतीबिंदूही होतो. आजीचा मोतीबिंदू काढल्यावर उरलेलं औषध नातवाला मोतीबिंदू देऊ शकतं, याहून उलटा न्याय कुठला? त्या बाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. "तुम्ही तर चिठ्ठी बघूनच दिलं," म्हणाल्या. चिठ्ठीवरची तारीख मी बघितली नव्हती.

या हट्टी ॲलर्जीला स्टेरॉइड लागतंच नाही असं मी म्हणत नाही. कधी कधी लागतं. पण डॉक्टर ते मोजून देतात, दाब तपासत राहतात, आणि गरज पडली तर सायक्लोस्पोरिनसारख्या दुसऱ्या औषधावर नेतात. सतत चोळण्याचाही वेगळा धोका आहे. बुब्बुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. म्हणून चोळणाऱ्या पोराला रट्टा देण्याऐवजी थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल द्या. पाच मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवला की खाज बरीच उतरते. रानातून आल्यावर तोंड धुवायचं, मोटारसायकलवर साधा चष्मा लावायचा. हे उपाय फुकटचे म्हणून कुणाला खरे वाटत नाहीत.

आता या भागातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिथं जरा थांबतो, कारण ती आपल्या उसाशी बांधलेली आहे.

हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडच्या टोळ्या येतात. पहाटे अंधारात कोयता सुरू होतो. उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार असते. पाला सोलताना, मोळी उचलताना, वाढ्यांचा भारा डोक्यावर घेताना पात्याचा सपकारा डोळ्यावर बसतो. बुब्बुळावर इवलासा ओरखडा. त्या वेळी फक्त खुपतं, पाणी येतं. मुकादम म्हणतो, "धुऊन घे, होईल बरं." दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो. मग कुणीतरी कुठून तरी ड्रॉप आणतं. पाला, माती, भुसा यांच्याबरोबर बुरशी डोळ्यात जाते हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. फ्युजेरियम, ॲस्परजिलस ही त्या बुरशींची नावं. आपल्या देशात शेतात राबणाऱ्यांच्या बुब्बुळावरच्या जखमांमागे बुरशी मोठ्या प्रमाणात असते. अशा डोळ्यात स्टेरॉइड पडलं की पहिल्या दिवशी लाली उतरते, दुखणं कमी होतं, माणूस पुन्हा फडात जातो. आत बुरशीला रान मोकळं मिळतं. आठवड्यानं बुब्बुळावर पांढरा डाग दिसायला लागतो, आपल्या भाषेत फूल पडतं. वेळेत आलं नाही तर बुब्बुळ फुटतं.

आणि दुर्दैव बघा. बुरशीवर जे औषध देतात, नॅटामायसिन, ५ टक्क्यांचं, तेही दुधासारखं पांढरं असतं आणि हलवूनच टाकायचं असतं. प्रेडनिसोलोन पांढरं, लोटेप्रेडनॉल पांढरं, नॅटामायसिन पांढरं. एक बुरशी मारतं, बाकीची दोन तिला पोसतात. उलट डेक्सामेथासोनचे बरेच थेंब पाण्यासारखे नितळ असतात, आणि तेही स्टेरॉइडच. तेव्हा "पांढरं ड्रॉप" ही ओळख आजपासून टाकून द्या. तिच्याइतकी फसवी ओळख दुसरी नाही.

टोळीतल्या माणसांपर्यंत हा लेख पोचणार नाही. पण ज्याच्या फडात टोळी उतरलीय तो शेतकरी, मुकादम, ट्रॅक्टरवाला वाचेल, त्याला माझं सांगणं आहे. डोळ्याला पात लागली तर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि चोवीस तासांत डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवा. एका दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या. डोळ्यात मध, एरंडेल, दूध, विड्याच्या पानाचा रस, सुरमा यातलं काही घालू नका. पट्टी आवळून बांधू नका. आणि दुकानातून "लाल डोळ्याचं काहीतरी" आणू नका.

"काहीतरी" म्हटल्यावर दुकानातून जे बहुतेकदा मिळतं, त्यावरही बोलतो. जंतू मारणारं औषध आणि स्टेरॉइड एकत्र केलेले थेंब बाजारात भरपूर आहेत. मोक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन, टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन. ऑपरेशननंतर ते योग्यच. पण जंतूचं औषध आहे म्हणून निर्धास्त होऊन लोक ते कशालाही वापरतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, आळंदीत शाळकरी पोरांचे डोळे मोठ्या संख्येनं आले होते, आठवत असेल. तेव्हा अशा बाटल्या गावोगाव साखरेसारख्या खपल्या. डोळे येतात ते बहुतेकदा विषाणूमुळे, आणि विषाणूवर ना ते जंतूचं औषध चालतं, ना स्टेरॉइड. आठवड्या-दोन आठवड्यांत ते आपलं आपण जातं. डोळ्यात नागिणीच्या जातीचा विषाणू असेल तर स्टेरॉइडनं तो भडकतो.

मग ओळखायचं कसं? पक्कं ओळखणं डॉक्टरांचं, पण घरच्या घरी एवढं बघता येतं. दोन्ही डोळ्यांना खाज, सोबत शिंका, दरवर्षी त्याच दिवसांत, आणि नजर नेहमीसारखी: बहुतेक ॲलर्जी. सकाळी पापण्या चिकटलेल्या, घरात आधी कुणाचे तरी आलेले: डोळे आलेत. एकच डोळा, खाजेपेक्षा दुखणं जास्त, उजेड सहन होत नाही, नजर अंधुक, बुब्बुळावर डाग, किंवा काही लागल्याची आठवण असेल, तर ही ॲलर्जी नव्हे. तिथं कुठलाही थेंब न घालता त्याच दिवशी निघा.

आता आजींकडे येतो. आजवर आजीचं औषध नातवाला नको म्हणून सांगत आलो, पण आजी स्वतः ते पूर्ण घेतात का? शिबिरातून किंवा दवाखान्यातून घरी आल्यावर पहिले आठ दिवस घरचे सगळे थेंब टाकायला धावतात. काळा चष्मा, दारात खाट, पाहुण्यांची रीघ. मग सुनेला कामं लागतात, पोरं शाळेत जातात, आणि आजी म्हणतात, "मला सगळं लख्ख दिसतंय, आता कशाला?" थेंब थांबतात. स्टेरॉइड ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे, दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत न्यायचं असतं. मध्येच तोडलं तर दबलेली सूज उसळते. जे औषध नातवासाठी विष म्हटलं तेच आजीला नेमानं द्यायचंय, हे घरात समजावून सांगणं मला फार अवघड जातं. "मग चांगलं का वाईट ते एकदा सांगा," लोक म्हणतात. कोयता चांगला का वाईट, असं विचारल्यासारखं आहे ते.

ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत दुखणं कमी होत जायला हवं आणि दिसणं वाढत जायला हवं. उलट झालं, म्हणजे कालपेक्षा आज जास्त दुखतंय, कालपेक्षा आज कमी दिसतंय, पापणी सुजलीय, तर रात्र असली तरी ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन करा. डोळ्याच्या आत जंतू शिरला असेल तर तासांचा हिशेब असतो. एक डोळा झाल्यावर सहा महिन्यांनी दुसऱ्याची पाळी येते तेव्हा "मागची बाटली आहे की अर्धी" म्हणून तीच वापरू नका. उघडलेली बाटली साधारण महिनाभरच चालते. खोक्यावरची मुदतीची तारीख न उघडलेल्या बाटलीची असते. उघडलेल्या बाटलीच्या तोंडाला पापणी लागते, बोट लागतं, आत जंतू वाढतात आणि औषध मात्र तसंच नितळ दिसत राहतं.

थेंब टाकायची रीत बहुतेकांची चुकते. हात धुवायचे. मान मागे टाकून खालची पापणी हलकेच ओढायची, खिसा होतो, त्यात एकच थेंब. डोळ्यात मावतं त्यापेक्षा एक थेंब मोठाच असतो, दुसरा टाकला तर गालावरून ओघळतो आणि पैसे वाया जातात. मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. आणि बाटलीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. आजींचे हात थरथरत असतील तर झोपवून टाका.

स्टेरॉइडच्या थेंबांवर "नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे" असा इशारा इंग्रजीत छापलेला असतो. कायद्यानं ती औषधं शेड्यूल एचमध्ये मोडतात. तो इशारा तुमच्यापेक्षा माझ्यासाठी आहे. म्हणून मी चिठ्ठी मागितली तर राग मानू नका. "दुसरीकडं देतात की," असं ऐकवतात मला. देतात, खरं आहे. मीही देत होतो. डॉक्टरांच्या समोर बसलात की तीन गोष्टी विचारून घ्या: यात स्टेरॉइड आहे का, किती दिवस टाकायचं, आणि दाब कधी मोजायचा. एवढं विचारलं म्हणून कुणी डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावलेच तर दुसरा दवाखाना गाठा. दाब तपासायला पुण्याला जायची गरज नाही, बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. ज्यांनी सलग दोन आठवड्यांहून जास्त दिवस असे थेंब टाकलेत, मग कुणाच्याही सांगण्यावरून असोत, त्यांनी एकदा दाब मोजून घ्यावा. मात्र थेंब आपल्या मनानं एकदम तोडू नयेत, तपासणी होईपर्यंत डॉक्टरांना विचारून चालावं.

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आपल्या रस्त्यानं जाईल. घराघरात वारकरी उतरतील. वाटेच्या धुळीनं लाल झालेले डोळे घेऊन कुणी माउली म्हणेल, "बाळा, डोळ्याचं काही औषध आहे का गं घरात?" तुमचा हात देवळीकडे जाईल. त्याआधी ती देवळी रिकामी करा. येत्या रविवारी सकाळी दुकान उघडल्यापासून दुपारपर्यंत मी दुसरं काम हाती घेणार नाही. घरात डोळ्याच्या जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आणा. फ्रिजच्या दारातल्या, देवघरातल्या, शिलाई मशीनच्या खणातल्या, अर्ध्या, उघड्या, बिनटोपणाच्या, सगळ्या. कशात काय आहे ते वाचून दाखवतो, मराठीत खोक्यावर लिहून देतो, आणि नको असलेल्या तुमच्यासमोर बाजूला काढतो. त्यांच्या बदल्यात नवी बाटली मात्र मागू नका.